फेअर मास्तर

वाशीमच्या कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली बसून अर्ज लिहिण्याचा व्यवसाय मी ऐन तारुण्यापासून करीत आलो आहे. जिल्हा मोडला आणि त्याची दप्तरे अकोल्यास गेली, तेव्हा पुष्कळ वकील, कारकून आणि खानावळवाले त्यांच्या मागोमाग गेले. मी गेलो नाही. ज्याला अर्ज करावयाचा असतो तो माणूस जिल्ह्याबरोबर हलत नसतो, हे मी तेव्हाच ओळखले होते. या बैठकीवरून मी जितकी माणसे पाहिली तितकी एखाद्या मुन्सफानेही पाहिली नसतील. कारण मुन्सफापुढे माणूस तयारी करून येतो आणि माझ्यापुढे जसा असेल तसा येतो. त्या सर्वांमध्ये माझ्या सतरंजीला आणि माझ्या चित्ताला कधी स्वस्थता लाभू न देणारा असा एकच इसम होता. शाळेच्या दप्तरी त्यांचे नाव त्र्यंबक मास्तर. गावाच्या तोंडी फेअर मास्तर.

मास्तर आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवीत. उंच, वाळकी अंगकाठी, खडूची बोटे उमटलेली काळी टोपी, आणि गुडघ्याच्या किंचित खाली संपणारे धोतर. बसणे हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. शाळा सुटली की ते कचेरीकडे येत आणि निंबापासून फाटकापर्यंत व फाटकापासून निंबापर्यंत येरझारा घालीत माझ्याशी बोलत. माझ्यासमोर बसलेले अर्जदार त्यांच्याकडे पाहून मान इकडून तिकडे फिरवीत राहात, आणि मला “इकडे लक्ष द्या” असे वारंवार सांगावे लागे. बोलता बोलता उपरण्याच्या काठाचा धागा ओढून काढण्याची त्यांना खोड होती. त्यामुळे त्यांचे उपरणे दर वर्षी थोडे अरुंद होई. पाणी दिले तर अर्धा तांब्या उभ्याने पीत आणि उरलेला हातात घेऊन तसेच निघून जात. माझे तांबे त्यांच्या शेजारणीने, काशीबाईने, कितीदा तरी मला परत आणून दिले आहेत.

आमची ओळख झाली ती अशी. मेडशीकडचा एक शेतकरी बांधाच्या तक्रारीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला होता. कच्चा मसुदा लिहून झाला होता. मी त्याला म्हणालो, “आता याची फेअर करून देतो.” फाटकाकडे निघालेले मास्तर तिथल्या तिथे वळले.

“काय म्हणाले तुमी?”

“फेअर.”

“म्हंजे?”

“साफ प्रत. खाडाखोड नसलेली.”

“हे तुमाले कोणं सांगतलं?”

“माझ्या उस्तादांनी.”

“अन् त्यायले कोणं सांगतलं?”

व्यवसायात इतका काळ घालवूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. मास्तर सतरंजीभोवती एक फेरी घालून आले. म्हणाले, “मी आत्ता वर्गात पोरायले याच शब्दाचा अर्थ जत्रा सांगून आलो. कालच्या धड्यात गोरा होता. परवाच्यात आभाळ निवळलं होतं. अन् तुमी इथं बसून साफ प्रत करून राह्यले. एवढासा शब्द अन् त्याच्यात इतके अर्थ काहून हो कोंबले?”

शेतकरी हात जोडून म्हणाला, “मास्तर, अगोदर माह्या बांधाचं होऊ द्या. मंग तुमचे अर्थ मोजा.”

मास्तर हसले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते रोज येऊ लागले.

गावाने त्यांना ते नाव दिले त्याचे कारण वेगळे आहे. शाळातपासणीसाठी बाहेरगावचे एक साहेब आले होते. त्यांनी मास्तरांच्या वर्गाचे वाचन ऐकले, मुलांच्या पाट्या पाहिल्या आणि उठता उठता म्हणाले, “फेअर.” दुसरा कोणी असता तर वाकून नमस्कार करता झाला असता. मास्तरांनी विचारले, “साहेब, कोणता?” साहेबांना काही बोध झाला नाही. तेव्हा मास्तरांनी अत्यंत नम्रतेने खुलासा विचारला की हा शब्द हवेच्या बाबतीत उत्तम आणि कापसाच्या बाबतीत बेताचा असतो. तरी माझा वर्ग आभाळात धरावा की गाठोड्यात? हेडमास्तर पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलांनी ही हकिगत त्याच संध्याकाळी गावभर केली, आणि त्र्यंबक हे नाव हजेरीपटापुरते उरले.

कापसाच्या दर्जाची ही माहिती मास्तरांनी स्वतः जाऊन मिळविली होती. हंगामात सरकी काढण्याच्या कारखान्यात, म्हणजे जिनाच्या आवारात, कापसाच्या गाड्यांची रांग लागे. तिथे माल पारखणारे हाजीसेठ नावाचे वृद्ध गृहस्थ होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढून त्याचा धागा ओढायचा आणि एका शब्दात दर्जा सांगून पुढच्या गाडीकडे जायचे, अशी त्यांची पद्धत. मास्तर त्यांच्या मागोमाग गाडीगाडीवरून फिरले. मीही त्या दिवशी एका दाव्याच्या कामासाठी तिथे हजर होतो.

“फेअर मतलब चलता माल, मास्टरजी,” हाजीसेठ म्हणाले. “उसके ऊपर गुड फेअर. उसके भी ऊपर फुल्ली गुड फेअर.”

“पण सेठ, मुळात या शब्दाचा अर्थ सुंदर असा हाय. सुंदर होतं ते चलता कसं झालं?”

हाजीसेठांनी हातातला कापूस फुंकून उडविला. “घर से निकलते वक्त हर गाडी का माल सुंदर होता है, साहब. मैं हाथ डालता हूँ, तब फेअर होता है.”

गाडीवान मोठ्याने हसले. मास्तर मात्र तिथून बाहेर पडले ते इतक्या झपाट्याने, की त्यांना गाठण्यासाठी मला धावावे लागले. आणि माझ्यासारख्या माणसाने बाजारात धावणे शोभत नाही. स्टेशनच्या रस्त्यापर्यंत ते तसेच चालत राहिले. मग एकदम थांबून म्हणाले, “हात घालते तवा. आयकलं ना तुमी? हात घालते तवा!”

हे बोलणे कापसाविषयी नव्हते, एवढे मला कळले. कशाविषयी होते ते काशीबाईने सांगितले. ती माझा तांब्या घेऊन आली होती.

मास्तरांची पत्नी लवकर वारली होती. यमुना ही एकच मुलगी. मराठी सातवी उत्तम रीतीने पास झालेली, वडिलांकडून घरच्या घरी इंग्रजीही शिकलेली, अंगाने सडपातळ आणि वर्णाने सावळ्याहून सावळी. वय वाढत चालले होते आणि लग्न जमत नव्हते. मास्तरांना दुसरा भाऊबंद नव्हता. आपण डोळे मिटल्यावर ही पोर कोणाच्या दारी उभी राहील, या एका चिंतेने ते आतून पोखरले होते. त्यांच्या येरझारांचे खरे कारण ते होते.

“नागपूरकून पाहुणे आल्ते,” काशीबाई म्हणाली. “शिकेल लोकं. पोरीनं गाणं म्हटलं, वाचून दाखोलं, समदं केलं. जाताना दारात पोराचा मामा पोराच्या बापाले इंग्रजीत काय तं म्हणे. म्हंजे बायायले समजू नाही म्हणून! अन् इंग्रजीचा मास्तर त्यायचे जोडे सरळ करून राह्यला होता तिथं.”

“काय म्हणाला?”

“मले काय समजते? तुमच्या मास्तरायचा तो शबूद होता त्याच्यात, एवढं आयकलं म्या. फेर का काय तो. पोरीलेही समजलं. बापानंच शिकोली ना तिले. तवापासून मास्तर असे फिरून राह्यले, दादाराव, जसं कोणं चटका देला.”

मुलगी हुशार आहे, परंतु आम्हाला फेअर पाहिजे. असे ते वाक्य होते. पुढे मास्तरांनीच मला ते सांगितले, तेही तिऱ्हाइताविषयी सांगावे तसे.

त्या काळी मुन्सफसाहेबांच्या बंगल्यावर इंग्रजीचा एक जाडजूड कोश होता. शब्द जन्मला कोठे आणि फिरला कोठे कोठे, हे त्यात दिलेले असे. मास्तरांनी रविवारी येऊन तो पाहण्याची परवानगी मिळविली. पट्टेवाल्याने नंतर मला सांगितले की साहेबांनी खुर्ची दिली असताही मास्तरांनी तो ग्रंथ उभ्याने वाचला. तिथून ते थेट माझ्या घरी आले. मी जेवावयास बसलो होतो. त्यांनी अंगणातूनच बोलावयास प्रारंभ केला.

“दादाराव, ते दोन हायेत! एक नाही, दोन! जत्रा वेगळी अन् बाकीचे वेगळे.”

“आत या, मास्तर.”

“जत्रेचा शब्द परका. रोमवाल्यायच्या सणाच्या सुटीतून निंघाला, फ्रेंच लोकायच्या घरी राह्यला, तिथून इंग्रजाकडं आला. सुटीच्या दिवशी लोकं जमले, दुकानं लागली, झाली जत्रा. दुसरा इंग्रजाच्या घरचाच, लय जुना. नाव सारखं, पण नातं कायचंच नाही. आपल्या बालाजीच्या यात्रेत कसे, धक्के खात दोघं एका जाग्यावर येऊन उभे राह्यतात अन् लोकं म्हणतात हे भाऊ असतीन!”

“आणि तो दुसरा?”

मास्तर ओसरीवर चढले, पुन्हा उतरले. “तो मुळात साधा हाय बिचारा. पाह्यल्यावर ज्यानं जीवाले बरं वाटते ते, एवढंच. त्याच्यातून निर्मळ. निर्मळातून तुमची साफ प्रत, साफ आभाळ. मन निर्मळ असलं, कोणाकडं झुकलं नाही, तं तो न्याय. इथपर्यंत सोनं हाय, दादाराव. पण त्याच घरातून दुसरी वाट फुटली, ते गोऱ्या कातडीकडं गेली.”

“असेना का. शब्द आहे.”

“असेना का? ज्यायनं शब्द वापरला त्यायले पाहून बरं काय वाटे? स्वतःसारखं तोंड! मंग आपल्या तोंडाचं अन् न्यायाचं एकच नाव ठेवून बसले. अन् आपण दोघं, मी वर्गात अन् तुमी निंबाखाली, त्यायच्याच शब्दात त्यायच्याकडं न्याय मागून राह्यलो.”

सरकारी कचेरीच्या आवारात बसणाऱ्या माणसाने असे बोलणे कानाआड करावे हे बरे, म्हणून मी भाकरीकडे लक्ष दिले. माझ्या पत्नीने विचारले, “मास्तर, वाढू का तुम्हाले?”

“नोको, वहिनी,” असे म्हणत त्यांनी तिच्या हातातली भाकरी घेतली आणि उभ्याने खाल्ली. मग कितीतरी खालच्या आवाजात म्हणाले, “त्यायले तरी शब्दानं फसोलं म्हणता येते. आपल्या भाषेत गोरा वेगळा अन् न्याय वेगळा. कोठंच एकमेकाले शिवत नाहीत. तरी आपण काय करतो?”

यानंतर कामरगावचे स्थळ आले. मुलगा बिजवर, एका जिनात कारकून, घरी थोडी शेती. मास्तरांनी माझी प्रतिष्ठा लक्षात घेऊन मला बैठकीस बोलावले होते. अशा प्रसंगी आमच्याकडे एक रीत आहे. रंगाने उणी असलेली मुलगी दिवेलागणीनंतर दाखवितात. काशीबाई ह्या कामात वाकबगार होती. तिने साऱ्या आळीच्या मुली अशाच उजवल्या होत्या.

“साय अन् हळद लावाची तीन-चार रोज,” तिने मास्तरांस सांगितले. “पाहुण्यायले दिवे लागल्यावर बोलवा. कंदिलाची काच काही लय पुसाची नाही. तेवढ्या उजेडात समद्या पोरी सारख्याच दिसतेत.”

“दुपारी येतीन ते,” मास्तर म्हणाले. “भर दुपारी. अंगणात.”

“अवो, उन्हाया हाय!”

“असू दे. जे हाय ते उजेडात पाहतीन.”

त्याप्रमाणे झाले. अंगणात घोंगडी अंथरली होती, आणि ऊन असे होते की पाहुण्यांना डोळे किलकिले करून मुलीकडे पाहावे लागत होते. यमुना पाट टाकून मध्यभागी बसली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसावा की पुसू नये, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मुलाच्या चुलत्याने नाव विचारले, शिक्षण विचारले, भाकरी किती थापतेस ते विचारले. सरबत प्याले. “कळवतो,” म्हणाले आणि छत्र्या उघडून गेले. हा “कळवतो” कसा असतो हे मला दररोज कचेरीत ऐकून पाठ आहे.

ते वळणावर दिसेनासे होताच काशीबाईचा बांध फुटला. “मास्तर, तुमी आपल्या हातानं पोरीचं वाटोळं करून राह्यले! जगाले शिकवा इंग्रजी, पण हे तुमाले समजत नाही.”

“लपवाछपवी करून देलेली पोर उद्या उजेडात येणारच व,” मास्तर म्हणाले.

“बाबा.” यमुना पाटावरून उठली होती. “हा उजेड तुमचा अन् अंधार काशीमावशीचा. मले कोणी इचारलं?”

मास्तरांचा हात उपरण्याच्या काठाकडे गेला.

“मले ना कंदिलापुढं बसाचं हाय, ना उन्हात. मले कोणापुढंच बसाचं नाही. मले अमरावतीले ट्रेनिंगच्या शायेत जाचं हाय. मले मास्तरीण व्हाचं हाय.”

काशीबाईने तोंडाला पदर लावला. मास्तर अंगणात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालू लागले, आणि मी माझी टोपी घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले ते अर्जदार म्हणून. ट्रेनिंग शाळेच्या मॅडमला उद्देशून अर्ज लिहावयाचा होता. त्या वेळी अशा शाळेत जाणाऱ्या बायका बहुतेक विधवा असत, किंवा मास्तरांच्या बायका असत. उपवर, अविवाहित मुलगी एकटी परगावी ठेवणे ही गोष्ट आमच्या बाजूला कोणी ऐकली नव्हती. आमचे बोलणे शेजारच्या वकिलाच्या कारकुनाने ऐकले आणि आपण होऊन सल्ला दिला.

“मास्तर, पोरगी विधवा लिवा. विधवेचा अर्ज वर राह्यते. कोरी पोर पाठोली तं मॅडम म्हणन, हिचं लग्न होईन, हे शिकून सोडून जाईन, अन् जागा वाया. तुमच्या गावात येऊन कोण पाहते? नवरा लहानपणीच मेला म्हणा, झालं.”

“काहीतरीच काय बोलता,” मास्तर म्हणाले.

परंतु ते फाटकाकडे गेले ते लवकर परतले नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्या जितक्या येरझारा पाहिल्या तितक्या त्याआधी व त्यानंतर पाहिल्या नाहीत. ऊन उतरले. अर्जदार पांगले. उपरण्याचा एक धागा त्यांच्या एका बोटाला इतका घट्ट गुंडाळला गेला होता की बोटाचे टोक पांढरे पडले होते. अखेर ते सतरंजीच्या काठाशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “लिहा.”

“काय लिहू?”

“तो म्हणाला ते. ही एवढीच वाट राह्यली, दादाराव. हे बंद झाली तं मंग काही नाही.”

ज्याने भर दुपारचे ऊन निवडले होते तोच हा माणूस. अर्जाच्या व्यवसायात अर्जदार असतो त्याहून थोडा अधिक दीन लिहिला जातो. वाचणारा अधिकारीही तेवढे वजा करूनच वाचतो, हे दोन्ही बाजूंस मान्य आहे. परंतु कधी अस्तित्वात नसलेला नवरा मी त्यापूर्वी कोणाला लिहून दिला नव्हता. तरीही मी कच्चा मसुदा लिहिला: “अर्जदारीण हिला बालपणीच वैधव्य प्राप्त झाले असून,” इत्यादी.

माझा एक शिरस्ता आहे आणि तो मी कलेक्टरसाहेबांसाठीही मोडणार नाही. ज्याचा अर्ज त्याला तो पूर्ण वाचून दाखविल्याखेरीज मी पक्की प्रत करीत नाही आणि सही घेत नाही. अर्ज यमुनेचा होता. मी मास्तरांस तसे सांगितले. त्यांनी मान हलविली, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला व सोबतीस काशीबाईला घेऊन आले. कचेरीच्या आवारात पुरुषांची गर्दी होती. यमुना त्या गर्दीतून सरळ चालत आली आणि सतरंजीच्या पुढ्यात उभी राहिली.

“वाचा, काका.”

मी वाचू लागलो. वैधव्याच्या शब्दावर येताच काशीबाई किंचाळली, “अगं माय! हे कोणं लिवलं? जितं लेकरू! कपाळाले हात लावून पाहा तिच्या!”

यमुनेने तिला हातानेच थांबविले. तिने मला पुन्हा ते वाक्य वाचावयास लावले. मग वडिलांकडे वळली.

“बाबा, कोण मेलं माह्यं?”

मास्तर निंबाला पाठ लावून उभे होते.

“ज्याले मी पाह्यलं नाही, ज्याचं नाव मले माहीत नाही, त्याले मारून टाकलं तुमी? अन् मी जन्मभर त्याचं कुंकू पुसून राहू तिथं? मॅडम रोज इचारन, तवा रोज मारू त्याले?”

“मी भ्यालो व माय,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात घुमत असे. त्या वेळी तो मला, हाताच्या अंतरावर बसलेल्याला, कष्टाने ऐकू आला.

“मी नाही भ्याले?”

ती उकिडवी बसली आणि मसुद्याचा कागद आपल्या हाताने उचलून मला परत दिला. “कोरा घ्या, काका. लिहा, अर्जदार अविवाहित हाय.”

“त्याचे कारण लिहावे लागेल, बाई,” मी म्हणालो. “तशी रीत आहे.”

“त्याले कारण नाही. कारणासाठी जागाच सोडू नका.”

अशा रीतीने तो अर्ज झाला. माझ्या हातून गेलेला तो सर्वांत आखूड अर्ज असावा. त्यात दैन्य नव्हते, पायधूळ नव्हती, हुजुरांचा उदारपणाही नव्हता. जन्म, शिक्षण, इच्छा आणि सही. असा कागद कोणी अधिकारी पुरता वाचील, असे मला वाटले नाही, आणि मी तसे मास्तरांस बोलूनही दाखविले. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्यानंतर टपाल येण्याच्या वेळी ते पोस्टासमोर फिरत, आणि टपाल वाटून झाले की माझ्याकडे येत. शब्दाचा विषय त्यांनी काढला नाही. काही विचारले तर “काय?” असे दचकून म्हणत. पावसाळा लागला, तरी छत्री बगलेत मिटलेली आणि माणूस भिजलेला, असे त्यांचे दर्शन घडे.

उत्तर आले. मुलीला समक्ष पाहून मग ठरवू, असे त्यात होते.

ते वाचून मास्तरांचा चेहरा उतरला. “पुन्हा पाहणं,” एवढेच म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला. ते तिला घेऊन अमरावतीस गेले. त्या दिवसांत, खरे सांगावयाचे तर, मलाही फाटकाकडे पाहण्याची सवय लागली होती. परत आले ते स्टेशनवरून थेट निंबाखाली, हातात वळकटी तशीच. मी एका इसमाची कैफियत लिहीत होतो. त्यांनी त्या इसमाचा खांदा धरून त्याला बाजूला सरकविले.

“मॅडमनं तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाही, दादाराव!”

“म्हणजे नाही म्हणाली?”

“आयका तं! मी दारातून पाहून राह्यलो ना. मॅडम म्हणे, घे खडू, या लहान पोरींयले शिकव. अन् सारा वेळ मॅडमचे डोये फळ्यावर अन् त्या पोरींवर. पोरी समजून राह्यल्या का नाही, तेवढंच पाहे. एकदा तरी वर पाहावं की नाही माणसानं? नाही! मंग उठली अन् म्हणे, सोमवारपासून ये.”

ज्याचा खांदा धरला होता तो इसम म्हणाला, “मंग पेढे कोठं हायेत, मास्तर?” मास्तरांनी वळकटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि मोकळ्या हातांनी डोळे पुसले.

त्यानंतर आमच्या भेटी विरळ झाल्या. मास्तर शाळेतून निवृत्त झाले. यमुनाबाई ट्रेनिंग पुरे करून आल्या आणि मेडशीच्या मुलींच्या शाळेवर नेमल्या गेल्या; तेव्हा ते घर आवरून मुलीबरोबर गेले. जाताना मला भेटले नाहीत. ते कोणालाच भेटले नसावेत, कारण निरोप घेण्यासाठी माणसाला दारात घडीभर थांबावे लागते.

मध्ये काही वर्षे गेली. मी एका अपिलाच्या कामासाठी अकोल्यास निघालो होतो. आता त्या रस्त्याने सर्व्हिस मोटार चालते. मेडशीस पोहोचेतो इंजिन तापून वाफ सोडू लागले आणि ड्रायव्हर डबा घेऊन पाणी आणावयास गेला. मी पुढच्या बाकावर, माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. सकाळची वेळ होती. समोरच्या गल्लीतून लहान मुलींची एक रांग बाहेर आली. कोणाची वेणी अर्धी घातलेली, कोणाच्या हातात पाटी, कोणाच्या तोंडात भाकरीचा तुकडा. आणि रांगेच्या पुढे, टोपी मागे सरकलेले, गुडघ्यावर धोतर, आमचे मास्तर.

मुली आपण होऊन शाळेत येत नाहीत, म्हणून अशा शाळांत त्यांना घरोघर जाऊन गोळा करणारी एक बाई ठेवतात. मेडशीस ते काम करावयास बाई मिळाली नव्हती, असे ड्रायव्हरने मला पुढे सांगितले. एका घरासमोर रांग थांबली. दारात एक बाई कडेवर तान्हे मूल घेऊन उभी होती.

“आज नाही येत ते, मास्तर,” ती म्हणाली. “मी वावरात चालली. लहान्याले कोण सांभायन?”

“लहान्यालेही दे,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“दे इकडं. अन् तिची पाटी दे. चाल व पोरी, घंटा झाली.”

बाई काही म्हणण्यापूर्वी तान्हे मूल मास्तरांच्या कडेवर आले होते आणि आतून एक मुलगी पाटी घेऊन धावत सुटली होती. रांग शाळेकडे वळली. शाळेच्या दारात यमुनाबाई उभ्या होत्या. अंगाने आता थोड्या भरलेल्या, हातात खडू, पदर कमरेला खोचलेला.

“बाबा, किती उशीर! अन् हे लेकरू कोणाचं आता?”

“तुह्या वर्गातल्या पोरीचा भाऊ. धर. ओलं झालं वाटते.”

मी मोटारीतून मोठ्याने हाक मारली, “मास्तर!” त्यांनी वळून पाहिले. मला ओळखले, यात शंका नाही, कारण त्यांचा चेहरा फुलला आणि ते दोन पावले मोटारीकडे आले. मग त्यांना काहीतरी आठवले.

“दादाराव, कोष्ट्याची पोर राह्यली अजून! तिची माय बाहीर पडली तं पोर घरीच अडकन!”

ड्रायव्हरने पाणी ओतले, दांडा फिरविला आणि मोटार हलली. मी मान वळवून पाहिले. यमुनाबाई ते तान्हे मूल खांद्यावर घेऊन मुलींना आत घालीत होत्या, आणि मास्तर उपरणे सावरीत, लगबगीने, पुन्हा गल्लीत शिरत होते.